काळजी आमच्यावर सोडा

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-बिमस्कार झाला असं धर. मी पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी काम असणार हे तुला कळलंच असेल, मग उगाच पाणी घालून लांबवत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तू उचलत नाहीस, आणि आपल्या घरात कुजबुजलं तरी बाबांना ऐकू जातं. जीभ आणि कान, दोन्ही देवाने त्यांनाच दिले.

बाबांच्या रक्तात चरबी निघालीय. कोलेस्टेरॉल. मालकाला कुठूनतरी एक डॉक्टरीणबाई मिळाल्या आणि चहाच्या गोदामातल्या सगळ्यांची तपासणी झाली. सापडले दोघंच: बाबा आणि काटेवाले काका. आठवतात ना? पोती तोलणारे, पोट आधी काट्यावर आणि मग स्वतः, ते. दोघं आवारात उभे राहून नापास पोरांसारखे एकमेकांचे कागद बघत होते.

"तुझं किती?"

"तुझ्याहून जास्त," काका म्हणाले.

"हॅट्, दाखव! अरे, खरंच की." काका असे खूश झाले, जणू पहिला नंबर आलाय.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना रोज एक गोळी लिहून दिली. चुकवायची नाही म्हणाल्या. काकांना तर बोट दाखवून सांगितलं, कारण त्यांना आधी एकदा छातीचं होऊन गेलंय. बाबा गप्प बसतील तर ना! "मी चहाचा माणूस आहे बाई, चहाने काही होत नाही का?"

बाई म्हणाल्या, "प्या की. दूध-साखर न घालता ग्रीन टी घेतलात तर चांगलंच. थोडंफार उतरेलही. पण गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नाही."

बाबांनी 'चांगलंच'पर्यंत ऐकलं आणि चपला घातल्या.

तरी गोळी सुरू केली हं त्यांनी. पंधरा-वीस दिवस घेतली. मग चाखायच्या खोलीत ते झालं. टेबलावर नेहमीसारखे कप मांडलेले, बाबा चमचा भरून फुर्रकन ओढतायत, तोंडात घोळवून डब्यात थुंकतायत, "हा घ्या", "हा सोडा", "हा पावसात भिजलाय" असं चाललेलं. मालकाने गंमत म्हणून एकच माल दोन टोकांच्या कपांत ठेवला होता. बाबा पहिल्याला म्हणाले, "तरतरीत." शेवटच्याला म्हणाले, "मेलेला आहे." मालकाने दोन्ही कप उचलून खालच्या चिठ्ठ्या दाखवल्या. बस.

ती शांतता तुला माहितीये. तू त्यांच्या शेजारी उभी राहून म्हणाली होतीस, "बाबा, हा माल ओलसर आहे," आणि तो ओलसर निघाला होता, तेव्हा होती तीच. फरक एवढाच, त्या वेळी त्यांना रागवायला तू होतीस. या वेळी कुणी नव्हतं, म्हणून ते गोळीवर रागावले. "गोळीने माझ्या जिभेवर पत्रा ठोकला," म्हणाले आणि अख्खं पाकीट संडासात सोडलं. मी विचारलं, "बाबा, आता संडासाचं कोलेस्टेरॉल उतरणार का?" चप्पल आली, मी वाकले.

आता ते ग्रीन टी पितात. आपल्याच गोदामाचा, नवा निघालाय. आणि ताई, आता खरी गंमत ऐक. त्या खोक्यावरची ओळ माझी आहे! मालक पॅकिंगमध्ये नमुन्याचं खोकं घेऊन आला होता, वर लालभडक हृदय काढलेलं. "खाली काय लिहू या?" मी लेबलं चिकटवत होते, बोलून गेले, "लिहा, हृदयाची काळजी आमच्यावर सोडा." सगळ्या बायका हसल्या. मालक हसला नाही. त्याने छापलं. बाबा रोज सकाळी ते खोकं हातात घेऊन माझी ओळ वाचतात, चष्मा लावून, मन लावून. माझ्या शाळेची प्रगतिपुस्तकं कधी अशी वाचली नव्हती.

काम आता सांगते. बाबा गेली कित्येक वर्षं तपकिरी बाटलीतली ताकदीची गोळी घेतात, आई द्यायची ती. पांढरी, गोल, बारीक. तुझ्या मेडिकलमध्ये कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्याच चेहऱ्याच्या मिळतात का बघ. संडासातून पाकिटाचा एक फाटका तुकडा वाचलाय, त्यावरचं नाव मागे उतरवलंय. इथल्या मेडिकलवाल्याकडून घेता येत नाहीत, तो बाबांबरोबर बुद्धिबळ खेळतो आणि हरला की सगळं बोलून जातो. सुट्या पाठव. नाव नको, पाकीट नको.

अशी तोंड वाकडं करू नकोस. पत्रातूनही दिसतं.

तुझं शेपूट

२२ फेब्रुवारी

ताई,

पुडी पोचली. चिठ्ठीपण. केवढी ती चिठ्ठी! "हे बरोबर नाही. पाठवतेय." एवढ्यात आटपलंस. तुझ्या दुकानात शब्दपण मोजून देतात का?

डॉक्टरीणबाईंना विचार म्हणालीस, ते नंतर वाचलं, मागच्या बाजूला होतं. विचारलं. बाबांचं नाव नाही घेतलं, मैत्रिणीच्या वडिलांचं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, गोळीने कुणाकुणाची चव बदलते, पण वयानेही बदलते, आणि नुसत्या भीतीनेही बदलते. गोळी मात्र त्याच ताकदीची हवी. तू तीच पाठवलीयस, तुझ्या चिठ्ठीच्या मागचा आकडा मी पाकिटाच्या फाटक्या तुकड्याशी ताडून बघितला. म्हणजे मी अगदीच माकड नाही.

बाटलीतल्या जुन्या गोळ्या काढल्या, तुझ्या भरल्या. बाबा सकाळी बुटांच्या नाड्या बांधतात, उठतात, बाटली उलटी करतात, एक गोळी घशात टाकून वर घोटभर पाणी, मान मागे. बघतसुद्धा नाहीत. पहिल्या दिवशी मी दाराच्या फटीतून बघत होते. बाबा ओरडले, "काय बघतेस?" मी म्हटलं, "तुमचं सौंदर्य."

आणि ताई, जीभ परत आली.

शपथ. आठवडाभरात. मालकाने पुन्हा तसाच डाव टाकला, या वेळी एकच माल तीन कपांत. बाबांनी तिसऱ्याला चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "शेठ, हा मगाशीच भेटला मला. दोनदा." मालकाने टेबलावर थाप मारली. खोलीतली माणसं हसली. बाबा घरी आले तर शिट्टी वाजवत. आई गेल्यापासून मी ती शिट्टी ऐकली नव्हती, मला वाटलं बाहेर कुणी टपोरी उभा आहे.

"बघ," मला म्हणतात, "गोळी सुटली आणि जीभ आली. ह्या चहाने आतलं सगळं धुतलं."

मी न्हाणीघरात गेले आणि टॉवेल तोंडात कोंबून हसले. तीच गोळी! रोज सकाळी! मग टॉवेल काढला आणि हसू थांबलंच. का ते माहीत नाही. आरशात बघितलं तर आईसारखी दिसत होते, तीपण त्यांना असंच काही काही न सांगता खाऊ घालायची.

तू गेल्यापासून तुझा चमचा अजून तिथेच आहे, चाखायच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. कुणी वापरत नाही. पण काळा पडलेला नाही. म्हणजे कुणीतरी पुसतं. मी तर पुसत नाही.

पुढच्या गोळ्या वेळेवर पाठव.

तुझं शेपूट

११ मे

ताई,

रिपोर्ट आला. बाबांचं कोलेस्टेरॉल उतरलंय, चांगलं सणसणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान, गोळी लागू पडली." बाबांनी मान डोलावली. बाहेर येऊन मला कोपर मारलं. "गोळी म्हणे! बाईंना काय माहीत आपण काय पितो."

मी म्हटलं, "हो ना."

काय म्हणायला हवं होतं? तू लिहिलंयस, 'आता सांगून टाक, रिपोर्ट चांगला आहे, आता रागावणार नाहीत.' तू लांबून लिहितेस. तुला त्यांचं तोंड दिसत नाही. ताई, हा माणूस रोज दाढी करायला लागलाय. खोलीत कपांच्या रांगेसमोर उभा राहतो तर पाठ सरळ. सांगितलं की पत्रा परत बसणार, मला पक्कं माहितीये. जिभेवर नाही, डोक्यात. आणि मग गोळीपण बंद, चहापण बंद, शिट्टीपण बंद. नको बाई.

पण एक गोष्ट झालीय आणि ती मला आवडलेली नाही.

बाबांनी दोन्ही रिपोर्ट, आधीचा आणि आत्ताचा, मालकाला नेऊन दाखवले. मालकाला तर कोलीतच मिळालं. त्याने दोन्ही कागद मोठे करून आणले आणि आवारातल्या फलकावर शेजारी शेजारी लावले, मध्ये खोक्याचं झाकण, त्यावर ते लाल हृदय आणि माझी ओळ. खाली लिहिलं, 'आपल्याच माणसाचा अनुभव'. बाहेरचे व्यापारी आले की आधी तिथे नेतो. बाबा शेजारी उभे राहतात, हात मागे बांधून, फोटो काढल्यासारखे. एका व्यापाऱ्याने विचारलं, "खरंच गोळी नाही घेतलीत?" बाबा म्हणाले, "एक नाही." आणि खोटं बोलत नव्हते ना ते! हेच तर.

फलक कुठे आहे माहितीये? काट्याच्या बरोबर वर. काटेवाले काका दिवसभर त्याच्याखाली बसून असतात. पोतं येईस्तोवर करायला दुसरं काही नाही, वाचतात.

आज मी डबा घेऊन जाताना हाक मारली, "ए लेबल! तुझ्या बापाने माझा नंबर घालवला."

"अभ्यास करा काका, परत पहिले याल."

"करतोय ना. बायकोने दोन खोकी आणलीत."

मी हसून पुढे गेले. तू हे वाचून पत्र खाली ठेवशील आणि मोठा श्वास घेशील, मला माहितीये. चहाच पितायत गं. चहाने कुणाचं काही वाईट होत नाही.

तुझं शेपूट

३ जून

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार पानी! तुझ्याकडे एवढे शब्द होते तर आधी कुठे ठेवले होतेस?

तू म्हणतेस फलक काढ. ताई, मी लेबलं चिकटवणारी. मालकाचा फलक मी कशी काढू? बाबांनीच काढला तर निघेल, आणि बाबा का काढतील ते तुला माहीत आहे. फिरून तिथेच.

आणि तू विचारलंस की काटेवाले काका गोळी घेतात की नाही. मी विचारलं. विचारणारच होते.

ते कट्ट्यावर बसून तोच चहा पीत होते, बशीत ओतून. मी म्हटलं, "काका, त्याच्याबरोबर गोळीपण चालू आहे ना?"

"सुटलो," म्हणाले. "महिना झाला असेल. आता कसं हलकं वाटतंय. गोळीने पाय दुखायचे माझे."

"अहो, बाई काय म्हणाल्या होत्या? तुम्हाला तर छातीचं झालेलं."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि वर फलकाकडे अंगठा केला. "तुझ्या बापाने सोडल्या ना?"

ताई, मी तिथे उभी होते. माझ्या हातात डब्याची पिशवी होती. बाबा समोरच्या दारात उभे होते, ऐकू येईल एवढ्या अंतरावर, एका ड्रायव्हरशी बोलत. त्यांना सगळं ऐकू येतं. मी जर म्हणाले असते, 'नाही सोडल्या', तर त्यांनी मान वळवली असती.

मी म्हटलं, "बाबांचं सोडा काका, त्यांना संडासातून चढते गोळी."

ते इतके हसले की चहा सांडला. ड्रायव्हरही हसला. बाबांनी तिथूनच ओरडून विचारलं, "काय गं, काय चाललंय?" "काही नाही, तुमची तारीफ!"

मग हळू आवाजात परत म्हटलं, "काका, घ्या हो गोळी. मजा नाही करत." पण मी म्हटलं तर कोण ऐकतं? मी बोलले की लोक आधी हसतात आणि मग विचारतात काय म्हणालीस.

डॉक्टरीणबाईंना गाठते. त्यांनाच सांगते काकांना बोलवा म्हणून. त्या महिन्यातून एकदाच येतात, आता येतील. तोवर त्यांच्या बायकोला सांगेन. ठरवलंय.

रागावू नकोस.

शेपूट

१९ जून

ताई,

काटेवाले काका गेले.

सकाळची पहिली गाडी होती. पोतं काट्यावर चढवलं, काकांनी वजन ओरडून सांगितलं, नेहमीसारखं, सुरात. मग म्हणाले, "थांब जरा," आणि पोत्याशेजारी काट्यावरच बसले. पाठ पोत्याला टेकवली. आम्हाला वाटलं थट्टा करतायत. एक हमाल म्हणालापण, "काका, तुमचंही बिल लावायचं का?"

काटा पोत्याचं आणि त्यांचं मिळून वजन दाखवत होता. बराच वेळ कुणी उचललं नाही त्यांना. मी पॅकिंगच्या खिडकीतून बघत होते. काटा जराही हलत नव्हता.

डॉक्टरीणबाई आल्या. आल्या त्या आज आल्या. त्यांनी काकूंना विचारलं आणि काकूंनी सांगितलं की गोळ्या बंद होत्या. बाई म्हणाल्या, गोळी चालू असती तर नक्की वाचले असते असं कुणी सांगू शकत नाही. पण बंद करायला नको होती.

मी काकूंकडे गेले नव्हते. ठरवलं होतं. गेले नव्हते.

२४ जून

ताई,

काल काकूंकडे गेलो, बाबा आणि मी. एक खोली, पुढे सज्जा, सज्ज्यात काकांची बनियनं अजून दोरीवर. बाबा बसले. काय बोलायचं ते त्यांना कळेना, म्हणून माणूस कसा होता, कसा तोलायचा, असं काहीबाही बोलत राहिले. काकू ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. मधेच उठल्या.

"दादा, तुम्ही आलाच आहात तर एक बघता का? माझं काय चुकलं ते सांगा."

त्यांनी ते खोकं काढलं. तेच. भांड्यात पाणी ठेवलं, उकळलं, पत्ती टाकली, झाकलं, गाळलं. प्रत्येक गोष्ट बाबांकडे बघत बघत, परीक्षेला बसल्यासारखी. कप त्यांच्या हातात दिला. "ह्यांना मी असाच द्यायचे. दिवसातून तीनदा. तुम्हाला गुण आला आणि ह्यांना आला नाही, म्हणजे करण्यात काहीतरी राहिलं असणार."

बाबांनी ओढला. फुर्रकन, चाखायच्या खोलीतल्यासारखाच. तोंडात घोळवला आणि सवयीने इकडेतिकडे बघितलं, थुंकायला काही आहे का. नव्हतं. गिळला.

आणि मग ते म्हणाले, "पाणी जरा जास्त कढलंय. उकळी फुटायच्या आत उतरवायचं असतं."

वाईट मनाने नाही गं. विचारलं म्हणून सांगितलं. चहाबद्दल विचारलं की त्यांना खरंच सांगावं लागतं. पण काकू खाली बसल्या. खोकं मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे मी दीड-दोन महिने त्यांना कढलेलं पाणीच दिलं."

"तसं नाही वहिनी," बाबा म्हणाले. पण काकूंनी ते मनावर घेतलं होतं. आता काहीही बोललं तरी ते त्यांच्याकडेच राहणार होतं.

रस्त्यावर आलो. बाबा म्हणाले, "बिचारी. जरा नीट विचारलं असतं आधी, तर मी दाखवून दिलं असतं." आणि मी थांबले. एका बंद दुकानाच्या पायरीवर. सगळं सांगितलं. तपकिरी बाटली, पुडी, तू, डॉक्टरीणबाई, सगळं. खोक्यावरची ओळपण. कसं सांगू, कुठून सुरू करू, असं चार महिने म्हणत होते, आणि बस येऊन जाईस्तोवर सांगून झालं.

मला वाटलं कानफटीत बसेल. मी गाल पुढे करूनच उभी होते. बाबा चालायला लागले.

घरी आल्यावर बूट न काढता बाटली उलटी केली. एक गोळी घेतली आणि चावली, ताई. कचकन. दाताने बारीक करून जिभेवर फिरवली, पुढे, कडेला, मागे, जशी पत्ती बघतात तशी, डोळे मिटून. मला वाटलं थुंकतील. गिळली.

"कडू," म्हणाले. "लहान पोराला कळेल इतकी कडू."

मग खुर्चीत बसले. "रोज तोंडात येत होती. मी नुसती गिळली. जन्मभर चाखलं ते थुंकलं, आणि ही चाखलीच नाही."

मी म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे."

"आहेच," ते म्हणाले. "गप्प बस."

थोड्या वेळाने उठले. बूट पायातच होते. "चल."

परत काकूंकडे गेलो. मी जिन्यात खालीच थांबणार होते. बाबांनी दार वाजवलं, काकूंनी उघडलं, बाबा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"वहिनी, पाणी बरोबर होतं."

काकूंनी दार अजून थोडं उघडलं.

"मगाशी मी चुकीचं सांगितलं. चहात काही चुकलं नव्हतं तुमचं. मला जो गुण आला तो गोळीचा. मी घेत होतो गोळी. मला माहीत नव्हतं, पण घेत होतो. तो फलकावरचा कागद खोटा आहे."

"तुम्हाला माहीत नव्हतं म्हणजे?"

"माझ्या घरातली गोष्ट आहे. मला कळायला हवी होती."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी वर गेले. बाबांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "काकू, मी बदलली होती गोळी. आणि मला माहीत होतं काकांनी सोडलीय. त्यांनी मला सांगितलं होतं."

"काय म्हणालीस तू तेव्हा त्यांना?" काकूंनी विचारलं.

मी खरं सांगितलं. काय विनोद केला तेपण. पहिल्यांदाच माझ्या विनोदावर कुणी हसलं नाही आणि मला ते बरोबर वाटलं.

काकू आत गेल्या. ते खोकं घेऊन आल्या, माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जा," म्हणाल्या, आणि दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

आज सकाळी बाबांनी फलकावरचे दोन्ही कागद काढले, सगळ्यांसमोर, काट्यावर चढून. मालक धावत आला. "अहो, काय करताय? माल बाहेर पडतोय त्याच्यावर!" बाबांनी त्याला सगळं सांगितलं, जसं काकूंना सांगितलं तसं. मालक म्हणाला, "मग त्यात काय, चहा तर तुम्ही पीत होताच की." कागद काढू दिले. खोक्यावरची ओळ मात्र तशीच राहणार, पुढची खेप छापून आलीय. म्हणजे उद्या सकाळी मी तीच चिकटवणार. डॉक्टरीणबाईंना मी सांगितलंय, त्यांनी मालकाला चिठ्ठी लिहिलीय. मालकाने ती घडी घालून खिशात ठेवली.

जीभ? गेली. मी म्हटलं होतं ना तुला. आज पाच कपांपुढे बाबा नुसते उभे राहिले. चमचा बुडवला, ओढला, थुंकले, आणि काही बोललेच नाहीत. मग खिळ्यावरचा तुझा चमचा काढला, बघितला, बाहीला पुसला, परत टांगला. मालकाला म्हणाले, "दुसरं कुणीतरी बघा."

रात्रीचं जेवण झाल्यावर मला म्हणाले, "लिहितेस ना तिला?"

"हो."

"गोळ्या तिनेच पाठवल्या?"

"हो."

"तिला माहीत होतं, हे बरोबर नाही म्हणून?"

"पहिल्याच चिठ्ठीत लिहिलं होतं तिने."

बराच वेळ ताटात बोट फिरवत बसले. मग हात धुवायला उठले आणि नळ चालू करून, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, ते जसंच्या तसं लिहितेय:

"तिला म्हणावं, संपत आल्यात. पाठव. पण सुट्या नको. पाकिटासकट पाठव, नाव वाचता येईल अशा."

शेपूट